सावली दिसते, भरती दिसत नाही

कृष्णविवराच्या सावलीचा आकार काढणं हे तसं एका दुपारचं काम आहे. विवर फिरत नसेल तर फारच सोपं. मेट्रिकमधलं वेळेसोबतचं फलन घ्यायचं, त्याला अंतराच्या वर्गाने भागायचं आणि भागाकार कुठे सर्वांत मोठा होतो ते शोधायचं. त्या अंतरावर प्रकाश विवराभोवती गोल फिरत राहू शकतो. तिथून पुढे सावलीची त्रिज्या एका ओळीत मिळते. श्वार्झशिल्डचं साधं विवर घेतलं तर प्रकाशाची ही कक्षा ३ एककांवर येते आणि सावलीची त्रिज्या २७च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे ५.१९६ एककं. एकक म्हणजे विवराच्या वस्तुमानातून निघणारी लांबी. सूर्याइतक्या वस्तुमानाला ती दीड किलोमीटर भरते, आकाशगंगेच्या मध्यावरच्या विवराला सुमारे ६३ लाख किलोमीटर. एम.एस्सी.ची हुशार मुलगी जेवणानंतर बसली तर चहाच्या वेळेपर्यंत उत्तर घेऊन येते.

इतकं सोपं असल्यामुळेच या विषयावर पेपरांचा पूर आला. १० एप्रिल २०१९ला एम-८७ दीर्घिकेतल्या विवराची प्रतिमा जाहीर झाली, ती केशरी बांगडी सगळ्यांनी वर्तमानपत्रात पाहिली, आणि त्यानंतर अर्काइव्हवर रोज सकाळी एखादं तरी नवं मेट्रिक आणि त्याची सावली हजर असायची. आइनस्टाइनच्या समीकरणांत एखादं पद वाढवा, विवराला एक जादा पॅरामीटर द्या, सावली किती मोठी किंवा लहान होते त्याचा आलेख काढा, निरीक्षणातल्या अनिश्चिततेचा पट्टा त्यावर रंगवा, पेपर तयार. मीही असे लिहिलेत. नोकरीत बढतीसाठी पेपर लागतात आणि कोकणातल्या कॉलेजात बसून करता येण्यासारखं सैद्धांतिक काम फार नसतं, हे कारण मी लपवत नाही.

मी रत्नागिरीत पदार्थविज्ञान शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला आयुकात जाऊन काम करायचं, ही माझी बरीच वर्षांची रीत. कॉलेजांत आणि विद्यापीठांत शिकवणाऱ्यांसाठी आयुकाची असोसिएट योजना आहे, तिच्यामुळे माझ्यासारख्यांचं संशोधन जिवंत राहतं. आमच्या विभागातले बाकीचे बहुतेक जण पातळ थरांवर काम करतात. त्यांच्यातले एक सर मला दर वर्षी विचारतात, "मॅडम, आमच्या थराची जाडी निदान मोजता तरी येते. तुमचं उपकरण कुठंय?" मी ती प्रतिमा घेणाऱ्या आठ दुर्बिणींची नावं सांगते. ते हसतात. हसण्यात त्यांचं चुकत नाही, कारण त्या दुर्बिणींवर माझा हक्क एवढाच की त्यांचे निकाल छापून आले की मी ते वाचू शकते.

गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत बदलून पाहण्याचा नाद आयुकाच्या मंडळींना जुना आहे. जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर १९६४मध्ये मांडलेला सिद्धांत हा तोच प्रकार: माखच्या तत्त्वाला धरून वस्तुमानच विश्वातल्या इतर पदार्थामुळे ठरतं, असं मानणारा. माझ्या कामाशी जास्त जवळचा पेपर मात्र नरेश दधीच यांचा. रॉय मार्टेन्स आणि आणखी दोघांबरोबर त्यांनी तो २००० साली लिहिला. कल्पना अशी की आपलं चार मितींचं विश्व हा पाच मितींच्या अवकाशातला एक पडदा आहे, आणि बाहेरच्या मितीतल्या वक्रतेची छाप पडद्यावरच्या विवरावर पडते. ही छाप विद्युतप्रभारासारखी दिसते, पण तिथे वीज कुठेच नसते. पेपरात तिला भरतीचा प्रभार म्हटलंय, कारण ती वक्रतेच्या ज्या भागातून येते तोच भाग भरती-ओहोटी घडवतो. साध्या विद्युतप्रभारात हे पद धनच असतं. इथे ते ऋण असू शकतं, आणि लेखकांच्या मते ऋण असणंच जास्त स्वाभाविक.

या विवराची सावली मी काढली तेव्हा आकडे असे आले. प्रभार ऋण आणि वस्तुमानाच्या वर्गाइतका धरला तर त्रिज्या ५.१९६वरून ५.९४ होते, साधारण १४ टक्क्यांनी मोठी. धन बाजूला शेवटपर्यंत गेलं तर ती बरोबर ४वर येते. मधल्या सगळ्या किमतींसाठी एक गुळगुळीत वक्र. आलेख देखणा होता. त्यातून काही कळलं असं मात्र वाटेना.

भरतीकडे मी वळले ती वर्गातल्या एका तासामुळे. दुसऱ्या वर्षाला गुरुत्वाकर्षण शिकवताना मी फळ्यावर लिहिलं: सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १८० पट जोराने ओढतो. मिरकरवाड्यातला, घरी मासेमारीचा धंदा असलेला एक मुलगा उठून म्हणाला, मग भरती चंद्राच्या तिथीवर का चालते? त्याच्या घरी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. उधाण पुनवेला आणि अवसेला, भांग अष्टमीच्या आसपास. हे हिशेब त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ होते. उत्तर पाठ्यपुस्तकात आहेच. भरती ओढीमुळे येत नाही, ओढीतल्या फरकामुळे येते. पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूवरची ओढ आणि पलीकडच्या बाजूवरची ओढ यांत जो फरक पडतो तो अंतराच्या घनाने उतरतो, म्हणून लांबचा सूर्य एवढा बलाढ्य असूनही त्याची भरती चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. पण हे सांगताना माझ्याच डोक्यात एक गोष्ट बसली. सावलीचं गणित ज्या फलनावर चालतं, भरतीचं त्याच फलनावर चालतं. मात्र सावली फलनाची एका ठिकाणची किंमत वाचते आणि भरती त्याचा उतार नि त्याचं वळण वाचते. विवराच्या दिशेने ताणणारी भरती म्हणजे त्या फलनाचं दुसरं विकलन, आडवी दाबणारी भरती म्हणजे पहिलं. दोन सिद्धांतांची एका ठिकाणची किंमत जुळवणं सोपं असतं. वळण जुळवणं तितकं सोपं नाही.

मग मी भरतीचे आकडे काढत बसले. त्यातली काही गंमत अभ्यासू वाचकालाही नवी वाटेल. सूर्याच्या दहापट वस्तुमानाच्या विवराच्या क्षितिजावर माणसाच्या डोक्यावर आणि पायांवर पडणाऱ्या ओढीत पृथ्वीवरच्या गुरुत्वाच्या साधारण दोन कोटी पट फरक असतो, म्हणजे क्षितिज गाठायच्या कितीतरी आधीच त्याच्या शेवया होतात. आपल्या आकाशगंगेतल्या विवराच्या क्षितिजावर तोच फरक गुरुत्वाच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपास. तिथून जाताना काही कळणारही नाही. एम-८७मधलं विवर तर सूर्याच्या साडेसहाशे कोटी पट. तिथे भरती नावालाच. आपल्या मध्यावरच्या विवराजवळ सूर्यासारखा तारा गेला तर क्षितिजाच्या त्रिज्येच्या नऊपट अंतरावर तो फाटतो. एम-८७जवळ तो न फाटता अख्खा गिळला जातो. विवर जितकं मोठं तितकं ते दाराशी सौम्य.

दधीच यांच्या विवरात याहून विचित्र प्रकार निघतो. प्रभार धन असेल तर विवराजवळ ताणणारी भरती हळूहळू कमी होत शून्यावर येते आणि मग उलटते. पडणारा माणूस उभ्या दिशेने ताणला जाण्याऐवजी दाबला जाऊ लागतो. प्रभार वस्तुमानाच्या वर्गाच्या ८/९पेक्षा जास्त असेल तर हे उलटणं क्षितिजाच्या बाहेर घडतं. ८/९ हा आकडा कागदावर स्वच्छ बाहेर पडला तेव्हा मी तो दोनदा तपासला. अशा कामात नीटस अपूर्णांक क्वचित येतात. प्रभार ऋण असेल तर उलटणं नाही, सगळीकडे भरती वाढते. पण इथे जपून बोलावं लागतं, कारण त्या विवराचं क्षितिजही मोठं होतं. एकाच अंतरावर तुलना केली तर भरती जास्त, क्षितिजावर तुलना केली तर किंचित कमी. 'सुधारित गुरुत्वात भरती तीव्र होते' असं सरसकट विधान पेपरात दिसलं की मी आता आधी शोधते, तुलना कुठे केली.

एक गोष्ट मला त्या वेळी सुंदर वाटली, आजही वाटते. या जातीच्या मेट्रिकमध्ये पडणाऱ्याचा वेग कितीही असला तरी भरती तीच राहते. सावकाश सोडलेला दगड आणि प्रकाशाच्या जवळपास वेगाने फेकलेला दगड, दोघांना त्या जागी सारखाच ताण. वेळेचं फलन आणि अंतराचं फलन एकमेकांच्या उलट असतील तोवरच हे खरं. बदललेल्या गुरुत्वाच्या कितीतरी सिद्धांतांत ती जोडी तुटते, आणि मग आडवी भरती वेगावर अवलंबून राहायला लागते. म्हणजे जोडी तुटली आहे की नाही, हे भरतीला कळतं. सावलीला कळत नाही. तिच्या गणितात अंतराचं फलन येतच नाही.

हे सगळं लिहून पाठवलं तेव्हा परीक्षकाने शांतपणे विचारलं की क्षितिजाजवळची भरती कोण मोजणार आहे. प्रश्न रास्त होता, तरी आठवडाभर माझं जेवणावर लक्ष नव्हतं. फाटणारे तारे खगोलशास्त्रज्ञांना खरोखर दिसतात. महिनोन्महिने चमकून विझणारे असे प्रसंग नोंदले गेलेत. मी तिथे प्रयत्न करून पाहिला. नऊ त्रिज्यांवर, ऋण प्रभार अगदी वस्तुमानाच्या वर्गाइतका धरला तरी, ताणणारी भरती वाढते ८ टक्के. तारा फाटण्याचं अंतर त्यामुळे ३ टक्क्यांच्या आसपास हलतं. ताऱ्याचं वय, त्याची आतली घनता, तो किती आत घुसला, यातलं एकही इतक्या बारकाईने माहीत नसतं. ३ टक्के त्या गर्दीत हरवतात.

मे २०२२मध्ये आपल्याच आकाशगंगेच्या मध्याची, सॅजिटेरियस ए-स्टारची प्रतिमा आली. कडं सुमारे ५२ मायक्रोआर्कसेकंदांचं. मला ही प्रतिमा एम-८७च्या प्रतिमेपेक्षा जास्त कामाची वाटते, जरी ती दिसायला धूसर असली तरी. कारण असं की सावली किती मोठी असायला हवी हे सांगायला वस्तुमान आणि अंतर आधी स्वतंत्रपणे माहीत असावं लागतं. एम-८७मध्ये ताऱ्यांच्या गतीवरून काढलेलं वस्तुमान ६२० कोटी सूर्य होतं आणि वायूच्या गतीवरून काढलेलं ३५० कोटी. प्रतिमेनेच ताऱ्यांच्या बाजूने कौल दिला. जिने वस्तुमान ठरवलं तिच्याकडूनच सिद्धांतही तपासून घ्यायचा, हे जरा जास्तच झालं. आपल्या मध्यावर मात्र एस-२ नावाचा तारा १६ वर्षांत एक फेरी मारतो. त्याचा आणि त्याच्या शेजाऱ्यांचा पाठलाग दोन गटांनी दशकानुदशकं केला, त्याबद्दल २०२०चं नोबेल मिळालं, आणि वस्तुमान नक्की झालं: सुमारे ४३ लाख सूर्य.

या आकड्यांवरून एका मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने सावलीच्या त्रिज्येवर मर्यादा काढल्या. सैल मर्यादा धरली तरी ४.२१ ते ५.५६ एककं. माझं ५.९४ बाहेर पडलं. धन टोकाचं ४ही बाहेर. वर्षभर ज्या आलेखाच्या दोन टोकांवर मी अंतर्मुख होऊन परिच्छेद लिहिले होते, ती दोन्ही टोकं एका तक्त्यातल्या ओळीने कापली गेली. विद्यार्थ्यांना वाटलं मॅडम खट्टू असतील. मी उलट खूश होते. इतकी वर्षं माझ्या कामाला 'हे नाही' असं कोणी म्हणूच शकत नव्हतं.

मधला भाग तरी उरतोच. आणि तो नुसता प्रभाराचा नाही. शॉन हेवर्ड यांनी २००६मध्ये सुचवलेलं विवर घ्या. त्याच्या मध्यात अनंत वक्रता नाही, एक छोटी लांबी आत घातली की केंद्र गुळगुळीत होतं. ती लांबी तिच्या कमाल मर्यादेपर्यंत नेली तरी सावली ५.१९६वरून ४.९२वर येते. फरक सुमारे ५ टक्के, निरीक्षणाच्या पट्ट्यात आरामात बसणारा. आत मात्र सगळंच पालटलेलं. श्वार्झशिल्डच्या केंद्रात भरती अनंत होते, हेवर्डच्या केंद्रात ती मर्यादित राहते आणि सर्व दिशांना सारखं ताणते, दाबत कुठेच नाही. दोन विवरं आतून इतकी वेगळी, आणि बाहेरून दुर्बिणीला जवळजवळ जुळी. हे कळल्यावर बरेच दिवस मी सावलीवर काही लिहिलं नाही.

वाट सापडली ती आयुकाच्या ग्रंथालयात, एका जुन्याच समीकरणात. प्रकाशाच्या त्या गोल कक्षेजवळून जाणारे दोन शेजारचे किरण घ्या. कक्षा अस्थिर असते, म्हणून ते प्रत्येक अर्ध्या फेरीला एकमेकांपासून दूर जातात. किती दूर? ते ठरतं फलनाच्या दुसऱ्या विकलनावरून. म्हणजे भरतीवरून! शेजारच्या दोन दगडांना जी वेगळं करते तीच शेजारच्या दोन किरणांनाही करते. हे आधी कोणाला माहीत नव्हतं असं नाही. कक्षेची अस्थिरता कशी मोजायची ते पुस्तकात होतं, आणि २०२०मध्ये एका पेपराने दाखवलं की त्यामुळे विवराच्या प्रतिमेत एकाआत एक बारीक कडी असायला हवीत, प्रत्येक आधीच्यापेक्षा ठरावीक पटीने बारीक. श्वार्झशिल्डसाठी ती पट सुमारे २३. मला तोवर कडी आणि भरती या दोन वेगळ्या प्रकरणांत वाचायची सवय होती, एवढंच.

मग मी माझी सगळी जुनी मेट्रिक्स त्यातून चालवली. ऋण प्रभाराच्या त्या बाद झालेल्या टोकावर पट २३वरून २९ होते. धन टोकावर ती ९पर्यंत घसरते. आणि हेवर्ड, ज्याची सावली जेमतेम ५ टक्क्यांनी हलली होती, त्याची पट येते १२. जवळजवळ निम्मी. हा आकडा आला तेव्हा संध्याकाळ झाली होती, ग्रंथालयात माझ्याशिवाय एक पीएच.डी.चा मुलगा होता, आणि मी त्याला उगाचच जाऊन सांगितलं. त्याने हेडफोन काढून ऐकून घेतलं, "छान आहे मॅडम" म्हणाला आणि परत कामाला लागला. तो पल्सारवाला होता.

आता यातली अडचणही सांगायला हवी, नाहीतर मी त्याच पेपरवाल्यांच्या रांगेत जाऊन उभी राहीन. ही बारीक कडी अजून कोणी पाहिलेली नाहीत. १.३ मिलिमीटर तरंगलांबीवर पृथ्वीएवढी दुर्बीण केली तरी तिची नजर तिथे पुरत नाही. दुर्बीण अवकाशात न्यावी लागेल, आणि तशा मोहिमेचे प्रस्ताव आहेत. जी केशरी बांगडी आपण पाहिली ती मुख्यतः तापलेल्या वायूची आहे, सावलीची कडा तिच्या आत कुठेतरी, आणि बांगडीवरून सावलीवर येताना संगणकावरच्या वायूच्या प्रतिकृतींचा आधार घ्यावा लागतो. वायूबद्दलचं आपलं अज्ञान आणि गुरुत्वाबद्दलचं अज्ञान एकमेकांत मिसळलेलं असतं. शिवाय खरी विवरं फिरतात. फिरणाऱ्या विवरात ही पट कड्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरी असते, त्यामुळे १२ आला म्हणून हेवर्ड खरा असं म्हणता येणार नाही. तो साध्या, पण जोरात फिरणाऱ्या विवराच्या एका बाजूचाही आकडा असू शकतो.

तरीही ही तपासणी सावलीच्या एका आकड्यापेक्षा बरी. कड्याभोवती फिरत गेलं की पट कशी बदलते याचा अख्खा आलेख मिळेल, आणि एक आलेख खोटा जुळवणं एक आकडा खोटा जुळवण्याइतकं सोपं नसतं. सध्या माझं काम तेच आहे: दधीच यांचा प्रभार फिरणाऱ्या विवराला दिला तर हा आलेख केर विवराच्या, म्हणजे आइनस्टाइनच्या साध्या फिरणाऱ्या विवराच्या, आलेखापासून कुठे फुटतो ते काढणं. पोस्ट-ग्रॅज्युएटची एक मुलगी यंदा प्रोजेक्टला आलीय. तिला मी पहिल्या दिवशी सावली काढायला दिली, ती तिने चहाच्या आधीच आणली. दुसऱ्या विकलनावर ती अजून अडकलेली आहे, आणि परवा तिने विचारलं की विषुववृत्ताच्या बाहेरच्या कक्षांसाठी भरतीची दिशा कशी ठरवायची. मलाही त्याचं उत्तर कागदावर करून बघावं लागणार आहे. शनिवारी कॉलेज अर्धा दिवस असतं, तेव्हा बसणार आहोत.